द्राक्षवेलीखालची सवत

मी बोलतेय. मी एक डिझेल गाडी. कागदोपत्री माझा रंग हिरवा आहे. उन्हाने त्याचं काय केलं ते तुम्हीच येऊन बघा. सर्बियाच्या पश्चिम डोंगरांत, इवान्यित्साच्या वरच्या अंगाला, विदोसाव नावाच्या निवृत्त पोस्टमनच्या अंगणात मी राहते. यंदाच्या ऑगस्टपर्यंत माझी जागा द्राक्षाच्या मांडवाखाली होती. तिथे सावली, सकाळची कॉफी, माणसांच्या गप्पा. मग मला अक्रोडाखाली हलवलं. तिथे पाखरांची विष्ठा आणि टपावर आपटणारी फळं.

कारण मांडवाखाली ती आली. पांढरी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला शहाणपण शिकवायला नको. होय, मी तिचा मत्सर केला. पोटभर केला. ज्याची जागा कधी कोणी घेतली नाही, त्याने मला समजूतदारपणाचे धडे देऊ नयेत.

माझा जन्म जर्मनीतला. पहिली मालकीण दातांची डॉक्टर होती. रुंद, सरळ रस्त्यांवर ती मला मनसोक्त पळवायची. माझी छाती मोकळी असायची. पुढे तिच्या शहराने ठरवलं, की धूर सोडणाऱ्या जुन्या डिझेल गाड्या वेशीच्या आत नकोत. ठीक आहे. पण मग त्यांनी आम्हाला मोडीत काढलं का? नाही. दक्षिणेकडच्या लोकांना विकलं. म्हणजे धूर वाईट, पण तो स्वतःच्या नाकात गेला तर. डोंगरापलीकडच्या माणसांना फुप्फुसं नसतात, असं बहुधा त्यांच्या हिशेबात होतं. आणि आज तसल्याच देशांतून लोक सुट्टीला येतात आणि मला बघून नाक मुरडतात!

वाटेत एका दलालाने माझ्या काट्यावरचे किलोमीटर मागे फिरवले. एका दुपारीत मी निम्म्या वयाची झाले. गिऱ्हाईक फसेल म्हणून त्याला आनंद, आणि गिऱ्हाइकाला ते मनातून ठाऊक असूनही स्वस्तात तरुण गाडी मिळाल्याचा आनंद. खोटं कोणालाच नको असतं म्हणतात. मला तर ते नाकारणारा कोणी भेटला नाही.

विदोसावने मला घरी आणलं त्या दिवशी त्याची बायको स्तानोय्का हिने माझ्या आरशाला दृष्ट लागू नये म्हणून लाल दोरा बांधला. आणि नवऱ्याला म्हणाली, "हिची दारं नीट लागतात ना? झोत नको यायला."

हा झोत म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या आणि मधून वारा गेला, की मान आखडते, कान ठणकतात, कंबर धरते आणि शेवटी माणूस जातो. इथले लोक लांडग्याला भीत नाहीत, सरकारला तर नाहीच नाही. पण झोत आला म्हटलं की भरल्या बसमध्येसुद्धा सगळे एकदम खिडकीकडे हात नेतात. स्तानोय्का त्यात सगळ्यांत पुढे.

मी या आळीतल्या चार लग्नांत झेंडा वाहिला आहे. वरातीच्या पहिल्या गाडीच्या खिडकीतून झेंडा बाहेर धरतात, आरशांना नक्षीचे टॉवेल बांधतात, आणि नवरी घेऊन परतताना ती त्याच गाडीत बसते. दोन गोष्टी कटाक्षाने पाळतात. वरात आल्या वाटेने परत जात नाही. आणि नवरी बसल्यावर पहिली गाडी थांबत नाही, मागे तर कधीच घेत नाहीत. वाईटाला वाट सापडते म्हणतात. मला वाईटाचं काही माहीत नाही, पण पुढे असण्याची चव मला माहीत आहे. मागच्या सगळ्या गाड्या आपल्या पाठीकडे बघत येतात, ती चव.

यंदा विदोसावच्या मुलाचं, उग्लेशाचं लग्न ठरलं. पाचवा झेंडा, तोही घरचा. मी कधीपासून वाट बघत होते!

पण माझं दुखणं गेल्या हिवाळ्यापासून सुरू झालं होतं. त्यात एक वाटा विदोसावचा. तो मला जपायचा. फार जपायचा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोनच्या, म्हणजे दोन हजारांच्या, पुढे म्हणून जाऊ द्यायचा नाही. "गाडी हळू चालवली तर माणसाच्या पुढे जगते," असं सगळ्यांना सांगायचा. मुलाला कुशीत घेऊन बसायचं आणि धावू द्यायचं नाही, असली ती माया. डिझेल गाडीला अधूनमधून जोरात पळावं लागतं, नाहीतर काजळी आतच बसते. ती बसत गेली.

दुसरा वाटा स्तानोय्काचा. जानेवारीत शहरातून येताना तिला पायांशी गार लागलं. घरी आल्यावर ती माझ्याभोवती फिरून भोकं शोधू लागली आणि डाव्या दिव्याच्या मागे तिला एक सापडलं. ते माझं नाक. इंजिनाला लागणारी सगळी हवा मी तिथून ओढते. तिने आपला एक जुना लोकरी मोजा आणला आणि त्याचा बोळा करून आत ठासला. वर बॉनेटवर थोपटलं. "आता नाही हो थंडी लागायची तुला," म्हणाली. मग उन्हाळा आला आणि ती विसरली. मी कशी विसरेन? मी हवा ओढायचे, बोळा आणखी आत सरकायचा. चढावर माझा जीव जायचा आणि मागून काळा धूर निघायचा.

ऑगस्टमध्ये विदोसावचा पुतण्या तिहोमिर व्हिएन्नाहून सुट्टीला आला, लग्नापर्यंत राहायला. आणि ती आली. विजेवरची. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. दार उघडलं की आतून बाईचा आवाज स्वागत करतो. छत काचेचं, बोटाच्या इशाऱ्यावर उघडणारं. तिला वीज पाजायला स्वयंपाकघराच्या खिडकीतून तार काढली. मांडव खिडकीजवळ, म्हणून मांडव तिचा झाला.

"तुझी हिरवी जरा बाजूला घे ना काका," तिहोमिर म्हणाला. "तिला काय, कुठेही उभी केली तरी चालतं."

विदोसावने मला बाजूला घेतलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण नंतर तो तिच्याजवळ गेला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. पावसात, बर्फात, रोज सकाळी जो हात माझ्या पाठीवरून फिरायचा, तोच. त्या दिवशी माझ्यात जी आग पेटली ती डिझेलची नव्हती.

रोज तिला अंघोळ. फडकं मऊ. उग्लेशा तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढायचा. शेजारपाजारचे कॉफीला आले की कप हातात घेऊन तिच्याभोवती फिरायचे. एकटी स्तानोय्का कुरकुरायची, कारण तारेमुळे खिडकी पूर्ण लागत नव्हती. फटीत ती टॉवेल कोंबायची आणि तरीही मान धरून बसायची. मला वाटलं, चला, एक तरी माझ्या बाजूची आहे.

मग मांडवाखाली झेंड्याचा विषय निघाला.

"पुढे माझी गाडी जाईल, त्यात काय विचारायचं?" तिहोमिर म्हणाला. "फोटोत पुढे ही हिरवी दिसली तर लोक म्हणतील, काय भंगार गोळा करायला आलेत की नवरी न्यायला?"

"तोंड सांभाळ," विदोसाव म्हणाला.

"बाबा, तिहोमिर चूक नाही बोलत," उग्लेशा म्हणाला. "हिरवीने आणलं असतं रे, पण परतायचंय वुचाकच्या घाटाने. मध्येच बंद पडली तर? कोसानाच्या आईला आधीच सगळ्यात अपशकुन दिसतात."

कोसाना म्हणजे नवरी. तिचं गाव घाटापलीकडे. जायचं खोऱ्यातल्या डांबरी रस्त्याने, यायचं घाटाने, कारण आल्या वाटेने परतायचं नाही.

"चढवून दाखवतो," विदोसाव म्हणाला. "आत्ता. चल बस."

निम्म्या घाटात मी थांबले. खोटं बोलत नाही, सगळा जोर लावला. नाकात मोजा असताना तुम्ही जिना चढून बघा. विदोसावला मला मागे घेत, वळणावळणाने खाली आणावं लागलं. तिहोमिर शेजारच्या सीटवर शीळ घालत होता.

"काका, झेंडा पुढे धर म्हणजे वाऱ्याने तरी ओढली जाईल."

 अंगणात आल्यावर विदोसाव एवढंच म्हणाला, "रविवारपर्यंत थांब."

मेकॅनिककडे तो गेला नाही. मेकॅनिक एक भाग बदलतो आणि दुसरा मोडतो, असं इथे सगळ्यांचं ठाम मत आहे. शेजारचा ओब्रेन आला. ओब्रेन लग्नात झेंडा धरणार होता, म्हणून त्यालाही माझी काळजी. त्याचा एकच वैद्यकीय सिद्धान्त होता: मनगटावर चोळा, पोटात घ्या किंवा जखमेवर ओता, आलुबुखाराच्या राकियाने, म्हणजे इथल्या घरगुती दारूने, बरं होत नाही असं दुखणं नाही.

दोघांनी मला अक्रोडाखालीच उघडलं. आधी डिझेलचा फिल्टर काढला. खालचा स्क्रू सैल केल्यावर त्यातून पाणी आलं. विदोसावने नवा फिल्टर डिझेलने काठोकाठ भरून मगच बसवला, म्हणजे आत हवा राहायला नको. मग रबरी नळ्यांवर साबणाचं पाणी लावून ओब्रेनला इंजिनाचा जोर वाढवायला सांगितलं. एका नळीवर बुडबुडे फुटले. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची हवा तिथून निसटत होती. तशीच नळी ओब्रेनच्या कोठारात पडलेल्या मेलेल्या गाडीत निघाली आणि मला बसलीही.

मग त्यांनी धूर परत आत फिरवणारी झडप खोलली.

"आई गं," ओब्रेन म्हणाला. "विदोसाव, हा तर आलुबुखाराचा मुरंबा आहे!"

इतकी दाट, काळी, चिकट काजळी. रॉकेल, जुना टूथब्रश आणि भाजी चिरायची मोडकी सुरी घेऊन दोघं दोन दिवस खरवडत बसले. स्तानोय्का सुरी शोधत फिरत होती, ते वेगळंच. हवेचं माप घेणारी नाजूक तार होती, तिला हात लावायचा नाही म्हणून ओब्रेनने पहिल्या धारेची आणली, जी पिण्याच्या कामाची नसते, आणि तिच्यावर बारीक शिंपडली.

"पहिल्या धारेची हिला, आणि मला दुसऱ्या धारेची," ओब्रेन म्हणाला. "लग्न कुणाचं आणि चैन कुणाची!"

मला बरं वाटलं. खरंच. सकाळी पहिल्या फिरकीला सुरू होऊ लागले. दोन माणसं माझ्यावर ओणवी होती, माझ्याविषयी बोलत होती, आणि मांडवाखालची पांढरी एकटी उभी होती. ते दोन दिवस मला कोणी परत देणार असेल तर मी पुन्हा आजारी पडेन.

हवेचा फिल्टर मात्र विदोसावने उघडला नाही. "तो मी गेल्या पानगळीत बदललाय. माझ्या हाताने." माणसाची हीच तर खोड. जिथे आपला हात फिरला तिथे चूक असूच शकत नाही.

रविवारी पुन्हा घाट. या वेळी निम्म्याच्या वर गेले आणि पुन्हा गुदमरले.

विदोसाव अंगणात परत आला. मांडवाखाली सगळे बसले होते. त्याने कोणाकडे न बघता माझ्या डिकीतून झेंड्याची काठी काढली आणि तिहोमिरपुढे धरली.

"घे. तूच पुढे जा."

माझ्याजवळ डोळे नाहीत, दिवे आहेत. ते बंद होते म्हणून बरं.

तेवढ्यात स्तानोय्का भांड्यातला चमचा आपटून उठली. "म्हणजे काय? माझी हिरवी मागे? इतकी वर्षं राबली ती! तिला झोत लागलाय, बाकी काही झालेलं नाही. मी जानेवारीपासून सांगतेय. तुम्ही दोघं तिला उघडीनागडी करून बसलात, तेही वाऱ्यात!"

"अगं, गाडीला झोत लागत नसतो," विदोसाव म्हणाला.

"नसतो? मी नसते तर केव्हाच मेली असती ती. मी तिच्या नाकात बोळा घातला म्हणून तिने हिवाळा काढला!"

 ओब्रेनने ग्लास खाली ठेवला.

"वहिनी," तो अगदी हळू म्हणाला, "नाकात म्हणजे कुठे?"

तिने अभिमानाने येऊन डाव्या दिव्यामागे बोट दाखवलं. विदोसावने बोट घातलं, मग पक्कड घातली. हाती लागेना. शेवटी स्तानोय्कानेच आपली क्रोशाची सुई आणली, आणि हिसडा दिला. मोजा निघाला. ओला, काळा, दोन्ही बाजूंनी लांब झालेला, मेलेल्या घुशीसारखा.

"अरे, हाच!" ती म्हणाली. "याचा जोडीदार मी अजून ठेवलाय."

ओब्रेन हसता हसता बाकावरून खाली आला. विदोसाव हसला नाही. मोजा हातात धरून तो बायकोकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई गं, तू माझ्याशी लग्न केलंस तेव्हापासून मलाही असाच श्वास लागतोय. आज कारण कळलं." तिने त्याला पक्कडीने हाणायचं तेवढं बाकी ठेवलं.

झेंड्याची काठी पुन्हा माझ्याकडे आली. तिहोमिरने खांदे उडवले. "ठीक. पण काकू माझ्या गाडीत बसणार. तिला त्या खडखडाटात घाटातून नेऊ देणार नाही."

आणि स्तानोय्का बसली! लग्नाच्या दिवशी, माझ्या पाठोपाठ, त्या पांढरीत. तिथे सीट आतून गरम होते म्हणे. "अगं बाई, कंबरेला काय ऊब आहे!" असं ती दाराशीच म्हणाली, आणि मला ऐकू गेलं. झेंडा माझ्या खिडकीत फडफडत होता, आरशांना टॉवेल होते, आणि माझं सगळं लक्ष मागे. पुढे असण्याची चव त्या दिवशी तोंडाला कडू लागली.

जाताना सगळं ठीक झालं. नवरीच्या दारात उग्लेशाने रीतीप्रमाणे उंच टांगलेलं सफरचंद बंदुकीने पाडलं, गाणी झाली, कोसाना उग्लेशासोबत येऊन माझ्या मागच्या सीटवर बसली. तिची आई खिडकीशी येऊन म्हणाली, "विदोसाव, थांबायचं नाही. मागे घ्यायची नाही."

"नाही थांबत," तो म्हणाला. 

वुचाकचा चढ लागला. निम्मा घाट सहज गेला. मग तो वळणाचा तीव्र चढ आला जिथे मी त्या रविवारी गुदमरले होते. आत चौघं, शिवाय रुखवताच्या पेट्या. नाक मोकळं होतं, पण छातीच्या तळाशी वर्षानुवर्षांची काजळी अजून होती. ती टूथब्रशने निघत नाही. ती पळण्यानेच निघते. माझा वेग पडू लागला. विदोसावचा पाय दोनच्या काट्याशी थबकला, नेहमीसारखा.

"दाब," शेजारी झेंडा धरलेला ओब्रेन म्हणाला.

"तुटेल ती."

"बाबा, दाबा ना," मागून कोसाना म्हणाली. ती त्याला पहिल्यांदाच बाबा म्हणत होती.

त्याने दाबलं. तळापर्यंत. काटा तीनवर गेला, पुढे गेला. जर्मनीच्या रस्त्यांनंतर पहिल्यांदा माझा टर्बो शीळ घालून उठला, आणि माझ्या आत बसलेलं सगळं जपणं, सगळी माया, सगळी जळफळ एका दमात मागून बाहेर पडली. केवढा तो ढग! मी तो मुद्दाम काढला नाही. पण आवरायचाही प्रयत्न केला नाही.

पांढरीचं छत सताड उघडं होतं, आत पाहुण्यांचे पांढरे शर्ट होते. नंतर तिहोमिर सांगत होता, की ढग येण्याच्या जेमतेम आधी स्तानोय्का ओरडली, "छत लाव रे मेल्या, मानेला झोत बसतोय!" त्याने वैतागून लावलं. म्हणून शर्ट वाचले. पांढरी तेवढी वाचली नाही. बॉनेटपासून शेपटापर्यंत ती भट्टीतल्या पोऱ्यासारखी झाली. तरी मला हेही सांगायला हवं: ती सगळा घाट न धापता आली. एकदाही अडखळली नाही. तिच्या जागी मी असते तर काळी होऊन अशी गप्प आले नसते. हे मला अजून सलतं.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा मागून धूर येत नव्हता. ओब्रेनने झेंडा हलवला. विदोसाव एका हाताने गाडी चालवत होता आणि दुसरा हात माझ्या डॅशबोर्डवर ठेवला होता. वरातीत थांबायचं नसतं, नाहीतर त्याने नक्की खाली उतरून माझ्या पाठीवरून हात फिरवला असता.

आता पानगळ सुरू झाली आहे. तिहोमिर पांढरीला धुऊन घेऊन गेला. मी मांडवाखाली परत आले. आरशाला लग्नाचा टॉवेल अजून आहे, लाल दोऱ्याशेजारी. विदोसाव आता आठवड्यातून एकदा मला डांबरी रस्त्यावर नेऊन चांगला दम काढू देतो. हवेचा फिल्टर त्याने उघडून पाहिला, लोकरीचे तंतू काढले आणि नवा घातला. मी सुखी आहे, असं समजायला हरकत नव्हती.

पण काल वारा फिरला. स्तानोय्का माझ्याशेजारच्या बाकावर येऊन विणायला बसली. छोटंसं, गोल, एका बाजूने बंद. आकार मी ओळखला. माझा श्वास थांबला. म्हटलं, पुन्हा आलं नाकात!

ओब्रेनने विचारलं, "वहिनी, हे हिरवीला?"

"छे! हिला आता विदोसाव हात लावू देत नाही." तिने टाके मोजले. "पांढरीला. तिला ते तार खोचायचं भोक आहे ना, तिथून झोत शिरत असेल बिचारीला. व्हिएन्नात थंडी फार. उद्याच्या बसने पाठवते."

वाचकहो, तुम्ही म्हणाल, चांगलं झालं, सुटलीस. त्या बोळ्याने माझा जीव घेतला होता, झेंडा जवळजवळ घालवला होता, हे मला कोणी सांगायला नको. तरीही तुमच्यापैकी कोणी उद्या इवान्यित्साच्या बसने जाणार असाल, आणि ड्रायव्हरजवळ लोकरीचं एक लहानसं पुडकं दिसलं, तर माझ्यासाठी एवढं करा: ते व्हिएन्नापर्यंत पोहोचू देऊ नका. तिला तर नाकसुद्धा नाही.